अठराचं ॲव्हरेज

गाडी वाडीत आली ती सकाळी दहाच्या सुमाराला, आणि तिला बघून शेजारच्या कुसुमबाईनं आधी डोक्यावर पदर घेतला आणि मग विचारलं, "कोन गेलं गं बाई?"

यात कुसुमबाईची काही चूक नव्हती. गाडी लांबलचक, काळीकुळकुळीत, टप शेवटपर्यंत सपाट आणि मागं एक माणूस आडवा झोपेल एवढी जागा. असल्या घडणीची गाडी वाडीत आजवर एकाच कामाला आली होती, दवाखान्यातून माणसाला शेवटचं घरी आणायच्या. पण दार उघडून रायभान उतरला. जिवंत होता, हसत होता आणि डोळ्याला नवा गॉगल होता. मग कुसुमबाईनं पदर खाली घेतला. त्याच्या बायकोनं, सुगंधाबाईनं, मात्र आपला पदर तसाच ठेवला. तिच्या मते जायचं ते गेलंच होतं. रस्त्याच्या कामात त्यांची सतरा गुंठे जमीन गेली होती, तिचा मावेजा साडेनऊ लाख आला होता, आणि नवरा "जरा साडूकडं जाऊन येतो" म्हणून पुण्याला गेला होता.

साडू म्हणजे रविकांत, सुगंधाबाईच्या धाकट्या बहिणीचा नवरा. पुण्यात एका साहेबाकडं ड्रायव्हर. साहेबानं ही गाडी नवी घेतली तेव्हा सत्तर लाख मोजले होते म्हणे. आता साहेबाचं मन भरलं, आणि रायभानला ती साडेसहा लाखांत मिळाली.

"म्हंजी किती वाचले बघ," रायभान बायकोला म्हणाला. "साडेत्रेसष्ट लाख!"

"मग ते ठिवलेत कुठं?" सुगंधाबाई म्हणाली. "आना की, मोजून घेऊ."

"तुला काय कळतंय त्यातलं. चारी चाकं ओढत्यात हिची. साध्या गाडीची दोनच ओढत्यात, बाकीची दोन नुसती मागं मागं येत्यात."

"आपल्या घरावानी," सुगंधाबाई म्हणाली. मग गाडीला एक चक्कर मारून तिनं विचारलं, "खाती किती?"

शेळ्या पाळणाऱ्या बाईला दारात काहीही नवं आलं की हाच प्रश्न पहिला सुचतो. रायभानला पुण्यात तो सुचला होता, नाही असं नाही. पण रविकांत म्हणाला होता, "साडूभाऊ, असल्या गाडीचं ॲव्हरेज इचारायचं नसतंय. ज्याला इचारायचंय त्यानं यष्टी धरावी." हे वाक्य रायभानला इतकं आवडलं, की त्यानं विचारायचं सोडून दिलं. मग पुण्याहून वाडीला येईपर्यंत तीनदा पेट्रोल भरलं, तेव्हा उत्तर आपोआप मिळालं. ते त्यानं कुणाला सांगितलं नाही.

पण आपल्याकडं माणसाला पगार विचारणार नाहीत, गाडीला मात्र विचारल्याशिवाय राहणार नाहीत. दुपारी मारुतीच्या पारावर भावकी जमली. कुणी आरसा हलवून बघितला, कुणी सीटवर बसून दोनदा उड्या मारल्या, आणि मग एक म्हातारा म्हणालाच, "समदं झ्याक हाय. पर देती किती?"

रायभाननं गॉगल वर केला. "अठरा," तो म्हणाला.

का म्हणाला ते त्याचं त्यालाच माहीत. सोळा म्हणाला असता तरी कुणी उठून गेलं नसतं. पण वाडीत एकाची जुनी जीप सतरा देत होती, आणि सत्तर लाखांच्या गाडीनं जीपच्या खाली कसं जायचं? इज्जतीचा सवाल होता. झालं. त्या दिवसापासून ती गाडी वाडीत अठरा द्यायला लागली, आणि रस्त्यावर सहाच द्यायची.

आता भावकीत गाडी मागायची एक रीत आहे. भाडं घ्यायचं नाही, द्यायचं नाही. गाडी नेणाऱ्यानं फक्त तेल टाकायचं. रायभानची भावकी बेइमान असती तर बरं झालं असतं. दोन शिव्या घालून गाडी दारात ठेवता आली असती. पण भावकी अशी चोख, की सेलूच्या लग्नाला जाताना पंपावर सगळ्यांनी मिळून हिशोब केला. जाऊन येऊन सव्वादोनशे किलोमीटर, भागिले अठरा, साडेबारा लिटर. एकशे सातच्या भावानं तेराशे अडतीस रुपये. पेट्रोलच्या महागाईत आपल्या परभणीनं तसंही कुणाला पुढं जाऊ दिलेलं नाही. भावकीनं चौदाशे टाकले. वरचे बासष्ट "रायभानच्या चहाला" म्हणून. गाडीनं त्या दिवशी पस्तीस लिटर पेट्रोल पिलं. उरलेले तेवीसशे रुपये रायभाननं मागं राहून गुपचूप भरले, आणि दुसऱ्या दिवशी गोठ्यातलं एक करडू बाजाराला गेलं.

"नवरदेवाची शान लय वाढली म्हनं तुमच्या गाडीनं," कुसुमबाई म्हणाली.

"व्हय," सुगंधाबाई म्हणाली. "आमचं करडू बी लय शानं होतं."

मुलगी बबिता बारावीला, पालमच्या कॉलेजात. गाडीत पुढं बसली की काचेखालच्या पडद्यावरचे आकडे वाचायची. एकदा म्हणाली, "पप्पा, इथं तर सहा पॉइंट चार दाखवायलंय." रायभाननं दुसऱ्याच दिवशी त्या आकड्यावर खंडोबाचं स्टिकर चिकटवलं. म्हणाला, गाडीत पुढ्यात देव पाहिजे. देवाला नाही कसं म्हणणार?

मग काटकसर सुरू झाली. उतार आला की रायभान गाडी न्यूट्रलला टाकायचा. एसी बंद ठेवायचा, पण काचा वर करून. काचा खाली केल्या तर लोकांना वाटेल एसी बंद आहे. मे महिन्यात असा घामानं निथळत, थंडगार बसल्यासारखा चेहरा करून तो वाडीतून पालमला जायचा. तिथं स्टँडच्या मागं लिंबाच्या सावलीला गाडी लावायची आणि परभणीची यष्टी धरायची. यष्टीत ओळखीचं कुणी भेटलंच, तर "सर्व्हिसिंगला टाकलीय" म्हणायचं. सत्तर लाखांची गाडी असलेला माणूस यष्टीत कंडक्टरशी सुट्ट्या पाच रुपयांसाठी भांडतोय, हे सुगंधाबाईनं शेजारच्या सीटवरून अर्ध्या तिकिटात बघितलं. तिला हसू आलं आणि मग वाईट वाटलं. माणूस वाईट नव्हता हो. एका आकड्याच्या नादाला लागला होता.

गोठ्यात सात बोकड होते. तीन विम्याला गेले, तीन सर्व्हिसिंगला गेले. परभणीच्या शिवशंकर मिस्त्रीनं ऑइल, चार फिल्टर आणि कसलंसं हिरवं पाणी बदलून जो आकडा सांगितला, तो ऐकून रायभाननं "सर्व्हिसिंगचा का नव्या इंजिनाचा?" असं विचारलं होतं. सातवा बोकड भावकीच्या खाती गेला. सेलू, मानवत, एकदा राणीसावरगावची जत्रा, एकदा कुणाच्या सासूचा मोतीबिंदू. सगळ्यांनी अठराच्या हिशोबानं तेल टाकलं आणि वर चहाचे पैसे दिले.

बोकडांचं सुगंधाबाईला तेवढं नव्हतं. बोकड विकायसाठीच असतो. शेळ्यांचं तसं नव्हतं. लग्नात बापानं तिला एक शेळी आंदण दिली होती. आंदणाची शेळी बाईची, आणि तिच्या पोटचा सगळा वेल बाईचाच; त्यावर नवऱ्याचा हक्क नाही, ही त्यांच्यातली रीत. त्या एका शेळीच्या तेवीस झाल्या होत्या. त्या होईपर्यंत सुगंधाबाईनं अकरा हंगाम ऊस तोडला होता, बारामतीपासून बेळगावपर्यंत. उसाच्या पात्यानं दोन्ही हात असे चिरायचे की पीठ मळताना मिठाचं पाणी लागलं तर डोळ्यांत टचकन पाणी यायचं. बबिता रांगत होती ती पाचटावर. विसावी शेळी झाली त्या वर्षी सुगंधाबाई हंगामावरून आली, कोयता आढ्याला खोचला आणि म्हणाली, "आता ह्यो खाली यायचा न्हाई." याला सहा वर्षं झाली होती. हिशोब सोपा होता. वीस शेळ्या दारात आहेत तोवर घर चालतं. विसाच्या खाली गेल्या, की पुन्हा कोयता. ती रोज सकाळी शेळ्या सोडताना मोजायची, आणि तेवीसपर्यंत आली की मगच तिच्या जीवात जीव यायचा.

ऑगस्टात गंगाखेडच्या रस्त्याला एका खड्ड्यात टायर फुटलं. शिवशंकर मिस्त्री म्हणाला, "चारी टाका."

"फुटलंय एक."

"रायभानराव, हिची चारी चाकं ओढत्यात. तीन झिजलेली आन एक नवं, असं चालत न्हाई हिला. चाकांचा मेळ मोडला की आतला गिअर खातंय ते. एकाचे अठरा हजार धरा. चाराचे बहात्तर."

रायभानला राग आला. चारी चाकं ओढत्यात हे त्यानं वाडीत दोनशेदा सांगितलं होतं, पण त्याचा असा अर्थ निघेल हे रविकांत बोलला नव्हता. त्यानं परभणीत हिंडून साडेतीन हजाराला एक जुनं टायर मिळवलं. बोटभर उंच होतं. म्हणाला, हवा कमी भरली की बसेल सारखं. साडेअडुसष्ट हजार वाचवले. हा माणूस वाचवायला बसला की सुगंधाबाई शेळ्या पुन्हा मोजायची, आणि ते काही उगीच नाही. दीड महिन्यानं गाडी जागेवरच कण्हायला लागली, आणि एक दिवस जी थांबली ती थांबलीच. ट्रॅक्टरनं ओढून परभणीला नेली. मिस्त्रीनं खाली वाकून बघितलं, टायरकडं बघितलं, रायभानकडं बघितलं.

"म्या सांगितलं व्हतं," तो म्हणाला. "एक लाख साठ हजार. जुना गिअर मागवून."

मावेज्यातलं उरलेलं कधीच घराच्या स्लॅबमध्ये गेलं होतं. रायभान दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी सुगंधाबाईजवळ बसला आणि लाडात आला. "तेवीस शेळ्या हायत," तो म्हणाला. "आठच्या भावानं धर. काम भागून वर उरतंय. गाडी नीट झाली की लग्नसराईत भाड्यानं लावतो. वरसात तेविसाच्या पन्नास करून देतो तुला."

"किती देती गाडी?" सुगंधाबाईनं विचारलं.

"अठरा," तो म्हणाला. बायकोला. चुलीपुढं. दुसरं कुणी ऐकायला नसताना.

"आंदनाच्या शेळ्या हायत," ती म्हणाली. "एका केसाला बी हात लावायचा न्हाई. आन तुमी माज्या बापाला तोंड दाखवायचं हाय का न्हाई, ते तुमचं तुमी बगा."

त्यानं मान डोलावली. आणि आठवडाभर असा गोड वागला, की तिला आधीच कळायला पाहिजे होतं. पाणी भरलं. पाला तोडून आणला. एका शेळीचा पाय मुरगळला तर स्वतः हळद लावली. सुगंधाबाईला वाटलं, सुटलं बाई भूत. बाईमाणसाला एवढंसं गोड मिळालं की ती सगळं माफ करायला बसते, हे काही खरं नव्हे.

दसऱ्याच्या आठ दिवस आधी गाडी दुरुस्त होऊन दारात आली. रायभाननं तिला झेंडूचा हार घातला. भावकी जमली, कुसुमबाई आली, बबिता कॉलेजला निघाली होती ती थांबली. नारळ फुटला, आणि खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकत व्यंकटी मुकादम पुढं आला. ऊसतोडीच्या टोळ्या नेणारा. मोटारसायकल त्यानं पाराजवळ लावली होती. सुगंधाबाई त्याला अकरा हंगाम ओळखत होती. त्याला दारात बघून तिनं आधी शेळ्यांकडं बघितलं. तेवीस होत्या.

"वयनी, बरं हाय नव्हं?" मुकादम म्हणाला. "दसरा झाला की ट्रक लावतो. आवंदा कारखाना कर्नाटकातला हाय. लेकीची सोय बगून ठिवा."

"कुनाला सांगताव दादा?"

"तुमालाच की. एक लाख साठ हजार उचल दिलीय पंधरा दिस झाले. जोडीची."

ऊसतोडीत कोयता म्हणजे एकटा माणूस नव्हे. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. तो तोडणार, ती मोळ्या बांधून डोक्यावर वाहणार. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ मजुरी, मिळते ती या जोडीला. मुकादमानं वही उघडून दाखवली. नावं दोन होती आणि अंगठा एक, रायभानचा.

सुगंधाबाईच्या कानात एकदम काहीतरी गरम ओतल्यासारखं झालं. शेळ्यांना हात लावला नव्हता. शब्द पाळला होता बहाद्दरानं. शेळ्या सोडून तिलाच विकलं होतं.

"अगं, ऐकून तर घे," रायभान घाईघाईनं म्हणाला. "एकच हंगाम. आन ट्रकनं कामून जायाचं? आपन आपल्या गाडीनं जाऊ. फडावर गाडीनं उतरू. कारखान्याचं सायेब लोक बी बगत ऱ्हातील."

सत्तर लाखांच्या गाडीतून ऊस तोडायला. एसी बंद करून, काचा वर करून. भावकीतलं कुणीतरी "व्वा" म्हणालं, खरंच म्हणालं. सुगंधाबाईला हसायचं की हाणायचं ते कळेना.

"मी येनार न्हाई," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "म्या पैशाला हात लावला न्हाई, अंगठा दिला न्हाई. दादा, तुमचे पैसे त्या गाडीत गेलेत. तिच्याकडनं घ्या."

आता मुकादम काही मूर्ख नव्हता. त्यानं गाडीला एक चक्कर मारली, दार लावून आवाज ऐकला, मागची जागा बघितली. सहा गावांत त्याच्या टोळ्या; वर्षभर फिरायचं काम. "रायभान," तो म्हणाला, "वयनी बराबर बोलायल्यात. बाई मनानं आली न्हाई तर मला बी फडावर कटकट नको. असं कर, गाडी मला दे. उचल फिटली. वर दोन लाख रोख देतो, आत्ता. अठरा देती ना? मला परवडंल."

सुगंधाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. एवढं सोपं होतं. त्यानं फक्त मान हलवायची. गेले सहा महिने जे दिवसरात्र सांगत होता, ते एकदा अजून म्हणायचं, की अठरा देती. गाडी जाईल, दोन लाख येतील, कोयता आढ्यालाच राहील. देवा, तिनं मनात म्हटलं, ह्याच्या तोंडून एकदा अजून खोटं निघू दे. तिनं आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या खोट्यासाठी नवस बोलला असता.

रायभाननं गाडीच्या टपावर हात ठेवला. हारातला एक झेंडू नीट केला.

"न्हाई परवडायची तुमाला," तो म्हणाला.

"कामून?"

"सहा देती."

"किती?"

"सहा. उतार असला तर साडेसहा." मग भरभरून बोलायलाच लागला. चारी टायर एकदम लागतात, विमा तीस हजार, सर्व्हिसिंग पंचवीस, पार्ट पुण्याला मिळत नाही तर दिल्लीहून येतो. जे बायकोला एकदाही सांगितलं नव्हतं ते सगळं चारचौघांत, मुकादमाला, न चुकता. गाडी आपल्याजवळ राहावी म्हणून.

"आन आमी अठराच्या हिशोबानं तेल टाकलं!" म्हातारा म्हणाला. कुणीतरी हसलं. कुणीतरी हसणाऱ्याला गप केलं. मुकादमानं गाडीवरचा हात काढून घेतला आणि धोतराला पुसला.

सुगंधाबाई हसली नाही. उचलीचं ऐकून तिला राग आला होता. आता तिला रडू येत होतं, आणि या माणसासमोर रडायचं नव्हतं. चुलीपुढं तिनं विचारलं तेव्हा इज्जत आडवी आली. तिच्या हातांसाठी खरं बोलणं जमलं नाही. गाडीसाठी जमलं. इज्जत गेली, भावकी हसली, त्याला काही वाटलं नाही. अकरा हंगाम जोडीनं तोडलेला ऊस तिच्या डोळ्यांपुढून गेला, आणि ती जोडी कसली होती हे तिला आता नीट दिसलं.

"दादा," तिनं विचारलं, "एकटा मानूस घेताव का टोळीत?"

"घेतो की. अर्धा कोयता म्हन्त्यात त्याला. पर उचल बी अर्धीच बसती. ह्यो पैसा फेडायला ह्याला दोन हंगाम लागतील."

"लागू द्या. माजं नाव खोडा."

"सुगंधा," रायभान म्हणाला. चारचौघांत त्यानं तिचं नाव कधी घेतलं नव्हतं. "अगं, एकट्यानं मोळ्या कशा उचलू मी?"

ती मुकादमाच्या वहीकडं बघत उभी राहिली. मुकादम थोडा घुटमळला, भावकीकडं बघितलं, मग खिशातला पेन काढून एक रेघ मारली आणि पुढं दोन शब्द लिहिले. सुगंधाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं वही त्याच्या हातातून घेतली आणि लेकीपुढं धरली.

"बबे, मोठ्यानं वाच. काय लिवलंय?"

बबितानं एकदा बापाकडं बघितलं, एकदा आईकडं, आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं वाचलं, "रायभान माऊली देवकते. अर्धा कोयता."